हंगामाआधीचा माग : विस्कॉन्सिनच्या डोंगराळ भागात व्हाइटटेल हरणाचा शोध कसा घ्यावा

विस्कॉन्सिन राज्यात हरणांच्या शिकारीचा बंदुकीचा मुख्य हंगाम थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी उघडतो आणि नऊ दिवसांत आटोपतो. तिरंदाजांना सप्टेंबरच्या मध्यापासून संधी मिळत असली, तरी बहुतेक नवशिक्यांच्या मनात हंगाम म्हणजे हेच नऊ दिवस असतात आणि त्यामुळे ते ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात रान तुडवायला बाहेर पडतात. ज्या नराला पुढच्या महिन्यात बेसावध गाठायचे, त्याच्या बसण्याच्या जागेशेजारून आपला वास पसरवत फिरणे यासारखा तोट्याचा व्यवहार नाही. मीही पहिली दोन वर्षे हेच केले. जमीन मार्चमध्ये पायी वाचावी, उन्हाळ्यात लांबून पाहावे आणि पानगळीच्या दिवसांत शक्य तितके कमी जावे, हा क्रम मला त्यानंतर कळला आणि पुढील मजकूर त्याच क्रमाने लिहिला आहे.

भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केलेली असल्यामुळे हा लेख अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांपुरता आहे. माग वाचण्याची विद्या मात्र कॅमेरा हाती घेऊन चितळ-सांबरांच्या मागे जाणाऱ्यालाही उपयोगी पडेल.

रानात जाण्याआधी

विस्कॉन्सिनमध्ये 1 जानेवारी 1973 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या व्यक्तीला शिकारीचा परवाना मिळवण्यासाठी साधारणतः शिकारी-प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते. हा वर्ग वसंतात किंवा उन्हाळ्यात उरकावा, कारण हंगाम जवळ आला की जागा भरून जातात.

आपल्या मंडळींपैकी अनेकांना लागू पडणारी आणखी एक बाब आहे. एच-1बी किंवा एफ-1 यांसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीला अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार बंदूक व दारूगोळा बाळगण्यास मनाई आहे; त्या मनाईला जे थोडे अपवाद आहेत, त्यांपैकी एक म्हणजे एखाद्या राज्याचा वैध शिकार-परवाना. धनुष्यबाण या व्याख्येत येत नाहीत. मित्राची बंदूक "जरा धरून पाहतो" म्हणण्याआधी हे नीट समजून घ्यावे आणि आपल्या परिस्थितीबद्दल वकिलाला विचारावे, कारण येथे चूक झाली तर प्रश्न दंडावर थांबत नाही, व्हिसापर्यंत जातो.

जमिनीचा प्रश्नही आधीच सोडवावा. राज्याच्या मालकीची शिकार-क्षेत्रे आणि काउंटीची जंगले सर्वांना खुली असतात. शिवाय ज्या खाजगी मालकांनी करसवलतीच्या बदल्यात आपली वनजमीन लोकांसाठी खुली ठेवली आहे, त्या जमिनी राज्याच्या नकाशावर वेगळ्या दाखवलेल्या असतात आणि नवख्या माणसाचे तिकडे सहसा लक्ष जात नाही. अन्य खाजगी जमिनीवर पाय ठेवण्यापूर्वी मालकाची परवानगी हवी; 'प्रवेश बंद' असा फलक नाही म्हणून आत जाण्याची मुभा आहे असे होत नाही. परवानगी मागायला एप्रिल-मेमध्ये जावे, शेतकऱ्याची दूध काढण्याची वेळ टाळावी, आणि नकार मिळाला तरी आभार मानून यावे. नोव्हेंबरात दार ठोठावणारे डझनभर असतात.

नकाशा : सह्याद्रीत फिरलेल्याला हे सोपे जाते

राज्याच्या नैर्ऋत्येला, ला क्रॉस शहरापासून खाली मिसिसिपी नदीच्या काठाने, ड्रिफ्टलेस नावाचा प्रदेश आहे. उत्तर अमेरिकेचा हा सारा भाग हिमयुगातल्या बर्फाने घासून सपाट केला, पण हा तुकडा त्यातून सुटला, म्हणून येथे अजूनही उंच धारा, खोल दऱ्या आणि वळणावळणाचे ओढे आहेत. धारांवर मका, सोयाबीन आणि अल्फाल्फा (लसूणघास) यांची शेते, उतारांवर ओकची झाडी आणि तळाशी गवताळ पाणथळ अशी येथील साधारण रचना असते. ज्याने सह्याद्रीत सोंड, धार, खिंड आणि घळ हे शब्द पायांनी शिकले आहेत, त्याला या भागाचा समोच्च रेषांचा नकाशा वाचायला फारसा वेळ लागू नये.

नकाशावर तीन गोष्टी शोधाव्यात. पहिली म्हणजे खिंड: दोन उंचवट्यांमधला धारेचा खोलगट भाग. एका दरीतून दुसरीत जाताना हरिण माणसाप्रमाणेच कमी चढ निवडते. दुसरी गोष्ट घळीचे डोके. तीव्र उताराची घळ जेथे वर धारेला भिडते, तेथे हरिण घळ उतरून चढण्याऐवजी तिच्या डोक्यावरून वळसा घालते, आणि त्यामुळे बऱ्याच वाटा शेताची कड आणि घळ यांच्यामधल्या अरुंद पट्ट्यात एकवटतात. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे: धारेतून बाहेर आलेल्या सोंडा. नोव्हेंबरात येथे वारा बरेचदा पश्चिमेकडून किंवा वायव्येकडून येतो. अशा वेळी नर सोंडेच्या पूर्व किंवा आग्नेय अंगाला, माथ्यापासून उताराच्या साधारण वरच्या तिसऱ्या हिश्श्यात बसतो. पाठीमागून येणारा वारा त्याला धारेपलीकडची बातमी देतो, समोरची दरी त्याला डोळ्यांनी दिसते, आणि सकाळी ऊन लागून वर चढणारी हवा खालचा वास आणून पोहोचवते. एवढी जागा एकदा कळली, की अशा जागा कागदावरही दिसू लागतात. सुरुवातीला आठ-दहा जागांवर खुणा कराव्यात. त्यांपैकी निम्म्या प्रत्यक्षात निकामी निघतील.

मार्च : गेल्या नोव्हेंबरचे वाचन

बर्फ वितळून गेलेला आणि नवे गवत अजून न उगवलेले असे जे तीन-चार आठवडे असतात, त्यांत एकदा दिवसभर केलेली पायपीट सप्टेंबरातल्या दहा फेऱ्यांपेक्षा मोलाची ठरते. एक कारण उघड आहे. हंगामाला आठ महिने असतात. आपण कितीही झुडपे हलवली, बसलेले हरिण उठवले, तरी नोव्हेंबरपर्यंत त्याचा परिणाम उरत नाही.

दुसरे कारण अधिक खोलवरचे आहे. व्हाइटटेलचा माज दिवसाच्या लांबीवर ठरतो, थंडीवर किंवा चंद्रावर नाही, आणि म्हणून विस्कॉन्सिनमध्ये तो दरवर्षी नोव्हेंबरच्या मध्याच्या आसपासच शिगेला पोहोचतो. नव्या पाडसांनी मेअखेर-जूनमध्ये, म्हणजे भरपूर चारा असताना, जन्म घ्यावा यासाठी निसर्गाने केलेली ही तजवीज आहे. गर्भकाळ सुमारे 200 दिवसांचा असतो. याचा आपल्यासाठी अर्थ असा, की मार्चमध्ये दिसणाऱ्या घासलेल्या खोडांच्या आणि उकरलेल्या जमिनीच्या खुणा गेल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या आहेत, आणि पुढच्या नोव्हेंबरातही, शेत आणि झाडी फारशी बदलली नसेल तर, त्याच वाटा वापरल्या जाण्याची शक्यता मोठी आहे. ऑगस्टच्या खुणा मात्र फक्त ऑगस्टबद्दल सांगतात.

आता खुणा एकेक पाहू. खुराचा ठसा शेळीच्या ठशाची आठवण करून देणारा, पण पुढे अधिक निमुळता, बदामासारखा असतो. प्रौढ हरणाचा ठसा साधारण अडीच ते तीन इंच लांब भरतो. चिखलात किंवा धावताना मागच्या दोन छोट्या खुरांचेही टोक उमटते, त्यावरून "हा नरच" असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतात. तो निष्कर्ष चुकीचा आहे, मादीचेही तसे उमटतात. लेंड्याही शेळीसारख्याच, हिरवा रसाळ चारा खाल्ला असेल तर त्या एकमेकींना चिकटून गोळा होतो. एकट्या ठशावर किंवा लेंड्यांवर फार वेळ घालवू नये. हरणे तेथे आहेत एवढेच त्यातून कळते, आणि या भागात ती सगळीकडेच असतात, अगदी राजधानी मॅडिसनच्या परसबागांतसुद्धा.

नराने कपाळ व शिंगे घासून साल काढलेल्या खोडाला येथे 'रब' म्हणतात. मनगटाएवढे झाड कोणताही नर घासतो, पण मांडीएवढे जाड खोड घासलेले दिसले तर तेथे मोठा नर वावरत होता असे समजायला हरकत नाही. साल कोणत्या बाजूची निघाली आहे ते पाहावे, कारण ती बाजू बहुधा तो ज्या दिशेने आला तिकडची असते. अशी चार-पाच झाडे एका ओळीत मिळाली, की बसण्याच्या जागेकडून शेताकडे जाणारी त्याची वाट हाती आली. सकाळच्या परतीच्या वाटेवर साल उलट बाजूने निघालेली दिसते. ही ओळ धीराने मागे मागे नेत जावी.

'स्क्रेप' म्हणजे पुढच्या पायांनी पालापाचोळा उकरून उघडी केलेली माती, आणि तिच्या बरोबर वर, माणसाच्या छातीच्या किंवा डोक्याच्या उंचीवर, चावून-चोळून मोडलेली एक लवती फांदी. खरी महत्त्वाची गोष्ट ती फांदी आहे. डोळ्यांजवळच्या ग्रंथींचा आणि लाळेचा वास त्या फांदीवर ठेवला जातो, आणि वर्षभर नर-मादी दोघेही तिथे हजेरी लावतात. शेताच्या कडेला दिसणाऱ्या स्क्रेपवर मचाण बांधण्याचा मोह नवशिक्याला होतो, परंतु अशा उघड्यावरच्या जागांना नर बहुतेक वेळा अंधारातच भेट देतो. झाडीच्या आत, बसण्याच्या जागेपासून जवळ असलेला स्क्रेप मिळाला तर त्याची नोंद ठळक अक्षरांत करावी.

बसण्याची जागा म्हणजे पानांत दबलेला अंडाकृती खळगा. एका ठिकाणी लहानमोठे चार-पाच खळगे असले तर तो माद्यांचा आणि पिलांचा कळप. सोंडेच्या टोकाला एकटाच मोठा खळगा आणि आसपास घासलेली झाडे असली तर तो नर. त्या खळग्यात स्वतः खाली बसून पाहावे. हे जरा हास्यास्पद दिसते, आणि एकदा दुसऱ्या एका शिकाऱ्याने मला तसे बसलेले पाहिल्यावर मला बरेच काही समजावून सांगावे लागले. पण तेथून कोणती वाट दिसते, कोणती दिसत नाही आणि आपण कुठून न दिसता येऊ शकतो, हे उभ्याने कधीच कळत नाही. याच फेऱ्यांत गळून पडलेली शिंगेही सापडतात. नर साधारण जानेवारी ते मार्चमध्ये शिंगे टाकतो, म्हणून ताजे शिंग हातात आले तर हंगामातून तो जिवंत सुटला हे समजते. त्यासारखी चांगली बातमी या महिन्यात दुसरी नाही.

दोन सावधगिरीच्या गोष्टी येथेच सांगतो. लाइम रोग पसरवणारी काळ्या पायांची गोचीड थंडी किंचित ओसरली तरी हलू लागते. पायमोजे विजारीवर ओढून घ्यावेत, कपड्यांना पर्मेथ्रिन हे कीटकनाशक लावावे, घरी येताच काखा, जांघा आणि केसांची मुळे तपासावीत, आणि चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढावी. तिला तेल लावणे किंवा काडीने चटका देणे हे उपाय टाळावेत. दुसरी गोष्ट अशी, की एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत टर्कीच्या शिकारीचा हंगाम असतो. नर टर्कीचे डोके लाल, पांढरे आणि निळे असल्यामुळे त्या दिवसांत या रंगांचे कपडे घालून रानात जाऊ नये.

उन्हाळा : लांबून

जुलै-ऑगस्टमध्ये रानात शिरण्याचे कारण नाही. संध्याकाळी सूर्य मावळण्याआधीच्या तासाभरात गाडी रस्त्याकडेला थांबवून 8 बाय 42 किंवा 10 बाय 42 दुर्बिणीतून सोयाबीनची आणि अल्फाल्फाची शेते पाहावीत. या दिवसांत नर दोन ते पाच-सहाच्या टोळ्यांनी चरतात आणि त्यांच्या शिंगांवर मखमली कातडे असते, ते ऑगस्टअखेर-सप्टेंबरच्या सुरुवातीला सुटते. त्यानंतर टोळ्या फुटतात, एकमेकांचा सहवास नकोसा होतो, आणि अनेक नर शरद ऋतूतल्या आपल्या वेगळ्या भागाकडे सरकतात. म्हणून ऑगस्टमध्ये पाहिलेल्या देखण्या नरावर सगळे बेत बांधू नयेत. परिसरात कोण आहे, एवढीच माहिती त्यातून घ्यावी.

रात्री गाडीतून प्रखर दिव्याने शेते उजळून हरणे पाहण्याची पद्धतही काहींत आहे. 15 सप्टेंबर ते 31 डिसेंबर या काळात विस्कॉन्सिनमध्ये रात्री 10 ते सकाळी 7 पर्यंत असा दिवा टाकण्यास मनाई आहे, आणि इतर वेळीही दिवा टाकताना जवळ शस्त्र असणे महागात पडते. मला विचाराल तर हा प्रकार टाळलेलाच बरा.

ट्रेल कॅमेरे (हालचाल होताच आपोआप छायाचित्र टिपणारे कॅमेरे) खिंडीत, घळीच्या डोक्यावर आणि आतल्या स्क्रेपवर लावावेत, तेही ऑगस्टअखेरपूर्वी. कॅमेऱ्याचे तोंड शक्यतो उत्तरेकडे ठेवावे, म्हणजे उगवत्या-मावळत्या सूर्याने छायाचित्रे पांढरी होत नाहीत; वाटेला काटकोनात न लावता तिरपा लावावा, म्हणजे चालते हरिण चौकटीत अधिक वेळ राहते. सार्वजनिक जमिनीवर कॅमेऱ्यावर मालकाची ओळख लिहिण्याची अट असू शकते आणि झाडाला खिळे ठोकणे किंवा फांद्या तोडणे चालत नाही, तेव्हा त्या जमिनीचे नियम आधी पाहावेत. दर आठवड्याला कार्ड आणायला जाणारा माणूस आपल्याच कॅमेऱ्यात सर्वांत जास्त वेळा दिसतो. महिन्यातून एकदा, पाऊस पडण्याच्या थोडे आधी, जावे. काही राज्यांची भूमिका अधिक कडक आहे; ॲरिझोनाने 2022 पासून शिकारीसाठी ट्रेल कॅमेऱ्यांच्या वापरावर बंदी घातली.

सप्टेंबर-ऑक्टोबर : खाणे बदलते, म्हणून वाट बदलते

सप्टेंबरात सोयाबीनची पाने पिवळी पडली, की हरणे त्या शेताकडे काही काळ पाठ फिरवतात. त्याच सुमारास ओकची फळे पडू लागतात. पांढऱ्या ओकच्या पानाची टोके गोलसर असतात आणि त्याचे फळ एकाच वर्षात पिकते. लाल ओकच्या पानाची टोके अणकुचीदार असतात आणि फळाला दोन वर्षे लागतात. पांढऱ्या ओकच्या फळात तुरटपणा कमी, म्हणून हरणे ते आधी संपवतात आणि मग लाल ओककडे वळतात. प्रत्येक झाड दरवर्षी सारखे फळत नाही, त्यामुळे ऑगस्टमध्ये दुर्बिणीने शेंडे पाहून कोणत्या झाडांना यंदा बहर आहे हे टिपून ठेवावे. झाडीच्या आत भरलेला एखादा पांढरा ओक मिळाला, तर शेतावरची हरणे अचानक "नाहीशी" का झाली याचे उत्तर तेथे, फुटलेल्या टरफलांत, पडलेले असते. मक्याची कापणी झाली की चित्र पुन्हा बदलते: एका रात्रीत आडोसा जातो आणि सांडलेले दाणे उघडे पडतात.

चारा टाकून हरणे बोलवण्याचा विचार करू नये. विस्कॉन्सिनमध्ये 2002 साली हरणांना होणारा सीडब्ल्यूडी हा प्राणघातक मेंदूचा रोग आढळला, आणि तेव्हापासून रोगग्रस्त व त्यालगतच्या काउंट्यांत चारा टाकण्यावर निर्बंध आहेत. हडकुळे, लाळ गाळणारे, माणसाला न बुजणारे हरिण दिसल्यास राज्याच्या नैसर्गिक संपदा विभागाला कळवावे.

वारा

एवढी सगळी माहिती गोळा करून मचाणावर बसलेला माणूस बहुतेक वेळा एकाच कारणाने हरतो, ते म्हणजे वारा. हरणाला नारिंगी रंग आपल्यासारखा दिसत नाही, म्हणून सक्तीचा भडक नारिंगी अंगरखा घालूनही शिकार होते. वासाच्या बाबतीत मात्र त्याला फसवण्याचा दावा करणाऱ्या फवाऱ्यांवर मी पैसे घालणे सोडले आहे. प्रत्येक जागेच्या नोंदीसमोर ती जागा कोणत्या वाऱ्यात चालेल हे लिहावे, आणि आपण बसणार तेथपर्यंत पोहोचण्याची वाटही लिहावी. जी जागा उत्तम आहे, पण जिच्याकडे जाताना शेतावर चरणारी हरणे बुजवावी लागतात, ती जागा उत्तम नाही.

डोंगराळ भागात हवामानखात्याचा वारा आणि दरीतला वारा एक नसतो. ऊन चढले की हवा उताराने वर सरकते. ऊन कलले की थंड हवा पाण्यासारखी घळीतून खाली वाहते. म्हणून सकाळी शक्यतो हरणाच्या वाटेच्या वरच्या अंगाला आणि संध्याकाळी खालच्या अंगाला बसावे, आणि जागा नक्की करण्यापूर्वी दोन्ही वेळांना हवा प्रत्यक्ष तपासावी. त्यासाठी येथील लोक मिल्कवीडच्या शेंगेतला कापूस खिशात ठेवतात. मिल्कवीड ही आपल्या रुईची नातलग, आणि तिची म्हातारी लहानपणी आपण जशी फुंकून सोडायचो तशीच येथे सोडायची असते. ती शंभर पावले तरंगत जाते. मध्येच वळते, खोलगटात बुडते, पलीकडच्या उतारावर पुन्हा उचलली जाते. वारा तपासण्यासाठी वापरतात त्या भुकटीच्या बाटलीतून उडालेली धूळ हातभर अंतरावर दिसेनाशी होते, त्यामुळे ती हे दाखवू शकत नाही. एका सोंडेवर मी तीन संध्याकाळी म्हातारी सोडून पाहिली, तेव्हा तिन्ही वेळा ती गोल फिरून बरोबर त्या खळग्याकडे गेली जेथे नर बसत असे, आणि आदल्या वर्षी तेथे मला काहीच का दिसले नव्हते याचा उलगडा झाला.

शेवटचे आठवडे

मचाणाची जागा आणि आत येण्याची वाट ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत साफ करून ठेवावी, तीही जेथे परवानगी आहे तेथेच. सार्वजनिक जमिनीवर मचाण रात्रभर ठेवता येते की रोज उतरवावे लागते हे त्या क्षेत्राच्या नियमांवर अवलंबून असते. चढताना-उतरताना पूर्ण अंगाचा सुरक्षापट्टा बांधलेला हवा. अंधारात एकदा आपल्या वाटेने घड्याळ लावून चालून पाहावे, कारण उजेडात पंधरा मिनिटांची वाट पहाटे अर्ध्या तासाची होते.

त्यानंतर रानात जाऊ नये. मोबाइलवर छायाचित्र पाठवणारे कॅमेरे असतील तर त्यांवर नजर ठेवावी, नसतील तर रस्त्यावरून शेते पाहावीत. वहीत किमान तीन जागा असाव्यात: एक वायव्येच्या वाऱ्याची, एक दक्षिणेच्या, आणि एक शांत हवेची. हंगामाच्या आदल्या रात्री हवामान पाहून त्यांतली एक निवडावी, आणि तिघींपैकी सर्वांत आवडती जागा चुकीच्या वाऱ्यात पडत असेल तर ती पहिल्या दिवशी रिकामी सोडावी. ती खराब होत नाही. वारा फिरेपर्यंत नऊ दिवस असतात.